खळ

युद्धकाळातली भरतीची पोस्टरं जमवता जमवता रघुनंदनचे गुडघे झिजले. बेंगळूरच्या शिवाजीनगरात जुनं दुकान पाडलं की हा हजर! फळ्यांवरून ओल्या फडक्यानं सोडवलेले फाटके, हसरे शिपाई दिवाणखान्यात काचेमागे उभे होते. आज आत्यानं आणलेलं पोस्टर मात्र कोरं करकरीत. पाठीला खळीचा ठिपकासुद्धा नाही. "हे असं टिकलं कसं?" खिळा शोधत त्यानं विचारलं. "स्वल्प दम घेऊ दे," आत्या खुर्चीत टेकली. "तुझे आजोबा पोटासाठी सगळ्या शिवाजीनगरात खळ लावून ही चिकटवत फिरायचे. त्यातलंच एक बघून त्यांचाच धाकटा भाऊ फौजेत गेला, तो परत आलाच नाही. मग उरलेला गठ्ठा आजोबांनी चुलीत घातला. हे एवढं राहिलं. लाव की तिथं, जागा आहे." रघुनंदनच्या हातात खिळा तसाच राहिला. काचेमागच्या एकूण एक शिपायाच्या पाठीला खळ होती.