साडेपाच किलो शिसं

फळीच्या मध्यावर ट्रक अडला, चाकं जागच्या जागी थरथरली आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. मार्सेलने रिमोटची कळ झटकन सोडली. राजोडीच्या त्याच्या घराला ओट्याच्या तीन पायऱ्या होत्या. पायऱ्यांवर एक लांब फळी टाकली होती आणि त्या फळीवर हातभर लांबीचा ट्रक, पाठीवर शिशाच्या पिशव्या घेऊन, उभा होता. मासेमारीच्या जाळ्याला लावायचं शिसं, नीट तोलून पिशव्यांत भरलेलं.

पाहुणे दोघंच होते. रोझलिन घर बघायला आली होती आणि बरोबर तिचा इनासमामा. मुलाकडे गेल्या गेल्या खेळणं बघत उभं राहावं लागेल, असं मामाला वाटलं नव्हतं. बत्तीस वर्षांचा माणूस, वालीवला कारखान्यात फिटर, आणि चुलतभावाने कुवेतहून आणलेल्या रिमोटच्या ट्रकशी खेळतो. पण निर्व्यसनी होता, घर स्वतःचं होतं. मामाने हसून साजरं केलं.

रोझलिनला हसू येत नव्हतं. तिची आई लिडिया तीन वर्षांपूर्वी विहिरीवर पाय घसरून पडली ती पुन्हा पायांवर उभी राहिलीच नाही. तेव्हापासून चाकांची खुर्ची आणि रोझलिन, एवढंच तिचं जग. वडील नव्हते. लग्नानंतर आई माझ्याबरोबर येईल, असं रोझलिनने दोन ठिकाणी सांगितलं आणि दोन्ही स्थळं चहा संपायच्या आत मोडली. म्हणून मामाने आज वाटेतच बजावलं होतं की लिडियाचं नाव काढायचं नाही, साखरपुडा झाला की बघू. सख्ख्या बहिणीला असं झाकून ठेवताना त्यालाही बरं वाटत नव्हतं. पण भाचीला एकोणतीस लागलं होतं. रोझलिनने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

“चार पिशव्या उतरव की रे,” मामा म्हणाला. “मग बघ कसा पळतो.”

मार्सेलने मान हलवली. रिकामा ट्रक किनाऱ्यावर कुत्र्यांनाही मागे टाकतो, हे त्याने कौतुकाने सांगितलं, पण पिशवी काही उतरवली नाही. साडेपाच किलो म्हणजे साडेपाच किलो. पुढे याचं दहापट मोठं करायचंय, असंही तो म्हणाला. भाजी वाहायची गाडी करणार असेल, असं मामाने मनात ठरवून टाकलं.

रोझलिन गप्प राहणार होती. पण तो वास तिला गप्प बसू देईना. वालीवच्याच एका कारखान्यात ती आठ वर्षं मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळायचं काम, करत होती आणि तारेवरचं वार्निश जळतंय म्हणजे काय, हे तिच्या नाकाला पाठ होतं. तिने वाकून मोटरीला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. ही कुठून आणली, असं तिने विचारलं. मुंबईहून, दुकानातली सगळ्यात वेगवान, असं मार्सेल म्हणाला.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. रोझलिनने ते तोंडावर म्हटलं नाही. हिच्यात तारेचे फेरे कमी आहेत, तिने समजावलं. रिकाम्या गाडीला ही वेड्यासारखी पळवते, पण ओझं चढवलं की हिला ओढवत नाही, आणि मग चाक फिरायच्या ऐवजी तार तापते. फिटर माणूस, पण रिकामी गाडी किती धावते हे बघून त्याने मोटर निवडली होती.

“वजन आधी धरायचं,” ती म्हणाली. “मोटर मग निवडायची. हिच्याआधीची कुठाय?”

आधीची, संथ म्हणून काढून टाकलेली, बिस्किटांच्या डब्यात पडली होती. दोघांनी मिळून ती बसवली, तिच्या टोकाला कमी दात्यांचं लहान चक्र लावलं. मार्सेलने कळ दाबली. ट्रक मुंगीच्या चालीने निघाला, मध्यावर आला, अडला नाही, आणि साडेपाच किलो शिसं घेऊन ओट्यावर जाऊन उभा राहिला. मोटर नुसती कोमट होती. मार्सेल इतका खूश झाला की मामाला वाटलं, आता इथेच बोलणी उरकावीत.

तेवढ्यात रोझलिनने हात पुसले. “माझी आई खुर्चीवर असते,” ती म्हणाली. “तिला चालता येत नाय. मी जाईन तिकडे ती येणार. ते जमत नसेल तर आत्ताच सांगा.”

मामाने डोळे मिटून घेतले. झालं, तिसरंही गेलं. बोलून टाकल्याचं रोझलिनला बरं वाटत होतं. ती मार्सेलकडे बघत राहिली. मार्सेलने खिशातून पेन्सिल आणि घडी घातलेला कागद काढला.

“म्हायती हाय,” तो म्हणाला. “तुमच्या गावच्या सणाला बघितलं मी. चर्चच्या चढावर तुम्ही खुर्ची ढकलताना दोनदा थांबलात. तेव्हापासून मोटर शोधतोय.” त्याने कागद फळीवर पसरला. कागदावर चाकांची खुर्ची काढलेली होती, खाली बॅटरी, मागे मोटर. “ट्रक चार किलोचा, म्हणून दहापटीने खुर्ची नि बॅटरी मिळून चाळीस. आईंचं वजन मी पंचावन्न धरलंय. बरोबर हाय?”

मामाचा जीव भांड्यात पडला. रोझलिनने डोळे पुसले, ती ओट्यावर गेली आणि ट्रकमधल्या एका पिशवीतून मूठभर शिसं काढून घेतलं.

“बावन्न,” ती म्हणाली.