दारातूनच टाटा

पांढरी काठी खुंटीला अडकवून लेक दवाखान्यात कामाला निघाली. महिनाभराच्या प्रशिक्षणानंतर आज पहिल्यांदाच ती आणि तिचा वाटाड्या कुत्रा, साहेब, दोघंच जाणार होते.

"बाबा, दारातूनच टाटा करायचं. मागे यायचं नाही!"

"छे गं, मी कशाला येतोय!"

साहेब चालला होता झोकात, पण प्रत्येक कोपऱ्यावर बसकण मारायचा. "चल, चल" म्हटलं तरी ढिम्म हलायचा नाही. तिसऱ्या कोपऱ्यावर तिने वाकून चाचपलं. मान मागे वळलेली, शेपूट नुसती थयथय नाचतेय! तिला हसू आवरेना.

"बाबा, पाय उचला जरा! साहेब तुमच्यासाठी खोळंबलेत, आणि मला उशीर होतोय!"

 

मागून धापा टाकत आवाज आला, "मी कुठे आलोय? मी दारातच उभा आहे!"