शोभेचे डबे

सून शिडीवर चढली आणि मागच्या रांगेतला एक डबा तिने उचलला. हाताला वजनच लागेना. शेजारचाही तसाच. तिसऱ्याला हात लावायची तिची छातीच होईना.

“बाबा, हे डबे रिकामे आहेत.”

“मग? शोभेचे आहेत ते,” खाली गल्ल्यावर बसलेले सासरे म्हणाले. “पुढच्या रांगेत माल, मागे शोभा. दुकान कसं भरलेलं दिसलं पाहिजे. चाळीस वर्षं असंच चाललंय.”

बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे किती आहेत, असं तिने सकाळी विचारलं, तेव्हा त्यांनी मानही वर न करता ‘चारशे’ म्हणून ठोकून दिलं होतं. गिऱ्हाइकाला सांगतात तसं. तिने बिचारीने तोच आकडा मोबाइलवरच्या ॲपमधल्या दुकानात भरला. पैशाची किंमत रोज घसरत होती, परदेशचा माल बंदरात अडकला होता आणि हा डबा शहरात औषधालाही मिळत नव्हता. चारशेच्या चारशे तासाभरात विकले गेले. पैसेही जमा झाले.

आता तिने पुढची रांग मोजली. एकोणतीस.

“पैसे परत करून टाक,” सासरे म्हणाले. आवाजातला ताठा पार उतरला होता.

“परत मिळायला सात दिवस लागतात, बाबा. तोवर त्या पैशात अर्धा डबासुद्धा येणार नाही. आणि पैशांचं राहू द्या. पोरं तोवर काय पिणार?”

सासरे उठले आणि भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. दुकानाचा पत्ता प्रत्येक पावतीवर होता.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. कुणा गिऱ्हाइकाचा निरोप होता.

‘काका, मुलगी दोन महिन्यांची आहे. आईला दूध येत नाही. तीन दिवस पाण्यात पीठ कालवून पाजतोय. सगळीकडे हिंडलो, डबा फक्त तुमच्याकडे दिसला. परवा येईल ना?’

काय लिहावं? खरं सांगायची भीती वाटत होती, आणि न सांगायची त्याहून जास्त. तिने बोट उचललं, पण त्याआधीच ॲपने दुकानाच्या नावाने आपलं ठरलेलं उत्तर धाडूनही दिलं.

‘निश्चिंत राहा. तुमची वस्तू परवा नक्की पोहोचेल.’

पाठोपाठ पलीकडून जोडलेले दोन हात आले.