साठातले त्रेचाळीस

"शून्य म्हणजे शून्य. मी बदलणार नाही," काटेवाली म्हणाली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर साहेबांनी कपाळाला हात लावला.

काटेवाली हे ऑफिसनं तिला ठेवलेलं नाव. राक्षस, जादूगार, तलवारी असा एक व्हिडिओ गेम तिथं बनत होता आणि त्यातल्या झाडून सगळ्या वस्तूंची वजनं ठरवायचं काम तिच्याकडे. तलवार चार किलो, ढाल सहा, दोरखंड दोन. नायकानं एका वेळी साठाच्या वर उचलायचं नाही. मर्यादा वाढवली तर गडी अख्खं गाव पिशवीत घालून फिरतो, कमी केली तर खेळणारे दर दहा पावलांना शिव्या घालतात. मधला काटा बरोबर साधायचा ते हिनंच. दोन वर्षं ती हे घरबसल्या करत होती आणि तिच्या आकड्यांना कुणी बोट लावलं नव्हतं.

भांडण पेटलं ते नायकाच्या जखमी बहिणीवरून. तिला पाठीवर घेऊन त्यानं डोंगरावरचा किल्ला गाठायचा, अशी गोष्ट. साहेबांनी परस्पर तिचं वजन तीस करून टाकलं. वजन आलं म्हणजे सामानाच्या यादीत नाव आलं, आणि नावापुढे 'टाका' हे बटणही आलं. खेळून बघायला वीस जण बसवले. त्यातल्या सतरा जणांनी पोरीला डोंगराच्या पायथ्याशी टाकलं आणि तेवढ्या वजनाच्या ढाली-तलवारी भरून घेतल्या. एका शहाण्यानं तर लिहून दिलं, 'बहीण फार जागा खाते.'

ते वाचून काटेवालीचा नुसता तिळपापड झाला होता.

"अगं, जिवंत पोर पाठीवर आणि वजन शून्य? लोक हसतील आपल्याला," साहेब म्हणाले. "तू आयुष्यात कधी कुणाला पाठीवर घेतलंयस का?"

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"मग कशाला उगाच तोंडाची वाफ दवडतेस? शुक्रवारी सगळं पक्कं करायचंय. तोवर पटेल असा आकडा दे, नाहीतर त्या बहिणीलाच गोष्टीतून काढून टाकतो. नसतं लोढणं!"

तो शेवटचा शब्द तिला फार लागला.

संध्याकाळी दादा आला. घरसामान हलवणाऱ्यांकडे तो कामाला होता. लोकांचे फ्रिज, कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचे, हाच त्याचा दिवस. आल्या आल्या तो फरशीवर उताणा पडला.

"दादा, माणूस पाठीवर घेतला तर जड लागतो का रे?" हे विचारायची तिला कधीपासून भीती वाटत होती.

"हे काय विचारणं झालं? कंबरडं मोडतं."

"खोटं तरी बोलायचंस मेल्या!"

"का म्हणून? जड ते जडच. पण तुला कशाला हव्यात चौकश्या?"

तिनं सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता, पण 'टाका' बटणाचं नाव निघालं तसा ताडकन उठून बसला.

"मध्येच टाकायची? हात्तिच्या! अगं, जिन्यात आम्ही कपाटसुद्धा टेकवत नाही. एकदा टेकवलं की एकट्याला परत उचलवत नाही. वर पोचेपर्यंत खाली ठेवायचं नाही, हा आमचा पहिला धडा. तुझ्या साहेबाला सांग, वजन हवं तेवढं लिही, पण ते बटण काढ."

काटेवालीनं लॅपटॉप पुढे ओढला आणि शून्य खोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब ओरडलेच. "त्रेचाळीस? काल शून्य आणि आज त्रेचाळीस? हा कुठला आकडा काढलास?"

"मोजून घातलाय."

"आणि 'टाका' कुठे गेलं?"

"काढलं. दम लागला तर उभ्यानं खायचा, हव्या तेवढ्या शिव्या घालायच्या, पण टाकायचं नाही."

"साठातले त्रेचाळीस एकट्या पोरीचे! कोण चढेल असा डोंगर?"

"चढतात लोक."

"चढतात म्हणे! इथं आमची लिफ्ट महिनाभर बंद आहे. रिकाम्या हातानं तीन मजले चढताना तोंडाला फेस येतो. असा एक तरी माईचा लाल मला दाखव, तुझा आकडा तसाच ठेवतो. बटणही काढतो."

"शब्द देताय?"

"दिला!"

"मग शुक्रवारी येते ऑफिसला. दाखवतेच."

"तू येणार? दोन वर्षांत एकदा तरी फिरकलीस का इकडे?"

"आता येते ना," ती म्हणाली आणि तिनं कॉल बंद केला.

शुक्रवारी अकराला सगळे मोठ्या पडद्यासमोर जमले होते. साहेब सारखे घड्याळ बघत होते. तेवढ्यात जिन्यात जड पावलं वाजली, कुणाचं तरी पुटपुटणं ऐकू आलं, आणि दार धाडकन उघडलं.

दारात एक दांडगा माणूस घामानं निथळत उभा होता. त्याच्या गळ्याला दोन हातांची मिठी होती आणि खांद्यावरून रोजचा, पडद्यावरचा चेहरा डोकावत होता. त्याच्या कमरेशी दोन बारीक पाय लोंबत होते. साहेब नकळत उठून उभे राहिले.

"हा घ्या माईचा लाल," काटेवाली म्हणाली. "तीन मजले, एकदाही टेकवलं नाही. साठातले त्रेचाळीस."

"त्रेचाळीस कसले, साहेब?" दादा धापा टाकत म्हणाला. "चांगली सेहेचाळीस भरते. आकडा वाढवा."