आजोबांची खूण

"तपकिरी. उजवीकडे," नात पुटपुटली.

होडीच्या पुढच्या टोकाला तिच्याशेजारी उभ्या आजोबांनी लगेच डावा हात वर केला. मागे सुकाणूवर बसलेल्या सुनेने होडी डावीकडे घेतली. दोन खडकांमधून होडी जेमतेम निघेल एवढीच वाट होती. पलीकडे बेटाला बिलगलेलं शांत पाणी.

आजोबांनी तीस वर्षं मोठाली जहाजं बंदराला लावली होती. प्रवाळांच्या बेटांची ही सफर त्यांनीच घरच्यांच्या मागे लागून ठरवली. निघायच्या आठवडाभर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आकार दिसतील, रंग आता दिसायचे नाहीत. ते त्यांनी फक्त नातीच्या कानावर घातलं, कुणाला सांगायचं नाही या अटीवर. इथे तर सगळा खेळ रंगांचाच. निळं म्हणजे खोल, तपकिरी म्हणजे खडक. त्यात यंदा पाणी तापून खडकांवरचे निम्मे प्रवाळ पांढरे पडलेले, वरून वाळूच वाटावी. नातीला तो फरक कळायचा. ती खडकाकडे मान वळवून हळूच सांगायची, आजोबा खूण करायचे. सहा बेटं अशी निभावली.

आज या सातव्या बेटाच्या वाटेत, मध्यावरच सूर्य ढगाआड गेला. सगळं पाणी शिशासारखं एकरंगी झालं. नातीलाही काही ओळखू येईना. आजोबांचा हात थोडा वेळ हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"शीड उतरव," ते शिडाच्या दोरीपाशी बसलेल्या मुलाला म्हणाले. "मला दिसत नाहीये. ढगामुळे नाही. रंग कधीचेच गेलेत."

मुलाने शीड उतरवलं आणि लांब काठीने होडी खडकापासून दूर धरून ठेवली. ढग सरला. नातीने मोठ्याने वाट सांगितली. आत येऊन, खाली वाळूच आहे ना हे बघून त्यांनी नांगर टाकला.

आजोबा पाठमोरे बसून राहिले. सून चहा घेऊन आली, तेव्हा म्हणाले, परत फिरू या, मी तुमच्या सगळ्यांच्या जिवाशी खेळलो.

सून शेजारी टेकली. "पहिल्या बेटापासून मी तुमच्या हाताकडे बघतच नव्हते, बाबा. हिची मान जिकडे वळायची, ती बाजू टाळायचे."

आजोबा तिच्याकडे वळले. "मग मला तिथे पुढे उभं कशाला राहू दिलंस?"

"तुम्ही झोपला होतात तेव्हा एकदा मोकळ्या पाण्यात तिला एकटीला उभं करून पाहिलं होतं," सून म्हणाली. "तुम्ही शेजारी नव्हतात, तर भीतीने तिने डोळेच मिटून घेतले."