नाचणीचं पथ्य

टाचणी टोचली तरी निलमचा पाय हलला नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या पायाला टोचून पाहिलं. निलम छताकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "टोचलंत का?"

पलंगाशेजारी उभ्या असलेल्या नयनामॅडमच्या काळजात मात्र ती टाचणी आरपार गेली.

"अंगात जीवनसत्त्वं उरलेलीच नाहीत," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "सलाइनमधून देतोय. पाय कितपत सुधारतील, ते आज सांगता येणार नाही." निलमच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. "मॅडम, तुम्ही बोला हिच्याशी. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती," म्हणाली आणि चहा आणायला खाली गेली.

शब्दाबाहेर नाही. नेमकं तेच नयनाला खात होतं.

दोनेक वर्षांपूर्वी नयना बसली की स्टाफरूममधली खुर्ची कुरकुरायची. त्या उन्हाळ्यात माहेरी जाते म्हणून ती निघाली आणि सुरतेला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून आली. जठर कापून लहान केलं. वर्षभरात बाई निम्मी झाली. तलासरीच्या शाळेत काय नि डहाणूच्या सोसायटीत काय, जो भेटेल तो विचारायचा, केलंत तरी काय? पोट कापून घेतलं म्हणायची तिला लाज वाटली. लोक म्हणणार, जिभेवर ताबा नाही म्हणून सुरी चालवून घेतली. तिनं ठोकून दिलं, "नाचणीची भाकरी आणि समुद्रावर चालणं." खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. तिनं ते इतकं रेटलं की महिला मंडळानं हळदीकुंकवाला तिचं भाषण ठेवलं, 'नाचणीचे फायदे'. टाळ्याही पडल्या. त्यानंतर बिचारीला खरोखरच रोज समुद्रावर चालायला जावं लागलं.

या ऑपरेशननंतर एक गोष्ट जन्माची मागे लागते. एवढ्याशा पोटातून अन्नातलं सत्त्व पुरेसं अंगी लागत नाही. म्हणून लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. नयनानं त्यात एकदाही खाडा केला नाही. पण गोळी घेताना ती कुणाला दिसलीही नाही. लोह आणि कॅल्शियम एका वेळी चालत नाहीत, त्यामुळे एक गोळी मधल्या सुट्टीत यायची. ती घ्यायला नयना खिचडीच्या तांदळाच्या खोलीत शिरायची आणि बाहेर येऊन "उंदीर फार झालेत" म्हणायची. जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनसाठी डहाणूतले सगळे दवाखाने सोडून वापी गाठायची. आणि गंमत अशी, की शाळेतल्या मुलांना दर आठवड्याला लोहाची गोळी द्यायचं काम तिच्याकडेच होतं. मुलांना समोर उभं करून गिळायला लावायची. वर दटावायची, "जीभ दाखव. लपवलीस तर बघ."

निलम याच शाळेत नवी लागलेली. वाणगावहून यायची. अंगानं भरलेली, स्वभावानं गोड. बघायला आलेल्या दुसऱ्या स्थळाचाही नकार आला, तेव्हा ती स्टाफरूममध्ये रडली होती. नयनानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "नाचणी सुरू कर," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ ना."

निलमनं बघितलं. सुट्टी संपवून जूनमध्ये आली, ती नयनाएवढाच डबा घेऊन. अर्धी भाकरी, चमचाभर भाजी. दिवाळीपर्यंत तिचे कपडे अंगात राहीनात. जशी गुरू तशी चेली, असं सगळे म्हणाले. नयना हसली खरी. पण धडधाकट पोटाची पोर एवढ्यावर टिकणार नाही, हे तिला कळत होतं. निलमचे केस गळायला लागले. पायाला मुंग्या येतात म्हणून ती बसून शिकवू लागली. तेव्हाही नयना "दूध घेत जा" एवढंच म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची तिची हिंमत झाली नाही. आणि परवा परिपाठाला उभी असताना निलम मटकन खाली बसली, ती तिला उठताच येईना.

नयनानं स्टूल पुढे ओढलं. आता गप्प राहिलं तर ही पोर घरी गेल्यावरही उपाशीच राहणार होती.

"निलम, मी तुझी गुन्हेगार आहे गं," ती म्हणाली. "नाचणी-बिचणी सगळं खोटं. मी सुरतेला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. माझं पोटच एवढंसं आहे. तुझं तसं नाही. तू पोटभर जेव. आणि सांगायचं तर सांग खुशाल सगळ्यांना."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. मग थोडं हलकंही वाटलं.

निलमला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं नयनाचा हात हातात घेतला.

"ते मला पहिल्यापासून माहीत आहे, मॅडम. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी माझे डहाणूचे मामा त्याच मजल्यावर ॲडमिट होते. त्यांनी ओळखलं होतं तुम्हाला. म्हणून तर या मे महिन्यात मीही तिथेच करून घेतलं."

 नयनानं विचारलं, "मग डॉक्टरांनी तुला गोळ्या नाही दिल्या?"

"पिशवीभर दिल्या की. जन्मभर घ्यायच्या म्हणाले. पण मी रोज तुमच्याकडे बघायचे. तुम्ही एवढ्या फिट, आणि गोळी घेताना तर कधीच दिसला नाहीत. म्हटलं, नसतील लागत."