बन्सीधरच्या चित्रावर पाणी

"ही पाण्याची बादली इथं कशाला?" भुजंगरावांनी विचारलं.

"आसू दे की, भुजंगा. हात धुवायला लागती," बन्सीधर म्हणाला आणि मेणबत्त्यांची थोटकं खिशात कोंबत उठला. "सकाळी लाईट न्हवती."

परभणीच्या त्या सभागृहात चित्रकारांचं प्रदर्शन होतं. अट एकच, चित्र रेघेचंच हवं, पण कागद-पेन्सिल नको. कमलबाईंनी गोणपाटावर सुतळीनं बैल रेखले होते. भुजंगरावांनी बोटं सोलून घेत तारेचा घोडा वाकवला होता. आणि या बन्सीधरनं शहाबादी फरशीवर नुसती रांगोळी सोडली होती! कोरड्या विहिरीभोवती बसलेलं अख्खं गाव. जो येई तो घोड्याकडे पाठ करून तिथंच उभा राही.

दोघं झरी गावच्या शाळेत एका बाकावरचे. तिथल्या स्पर्धेत भुजंगरावांचा पाण्याचा पेला 'चुकून' बन्सीधरच्या चित्रावर सांडला आणि बक्षीस भुजंगरावांनी मारलं. बन्सीधर नुसता हसला. ते हसणं त्यांना अजून डाचत होतं.

परीक्षक आज एकच चित्र मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवडणार होते. पण देवगाव फाट्यावर नामांतराचा रस्ता रोको होता आणि त्यांची गाडी तिथं अडकली होती.

"आमी समदे चहा घिऊन येतो. तू येतूस?" बन्सीधरनं विचारलं.

"न्हाई. घोड्याची तार नीट करायलोय."

"मग माझ्या चित्राकडं ध्यान ठिव. तुझ्याच भरवशावर हाय ते."

सगळे गेले. भुजंगरावांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा कानावर सारखा केला. विहिरीकाठची म्हातारी आता बोलेल की मग बोलेल, अशी बसली होती. आपल्या हाताला हे या जन्मी साधणार नाही, हे त्यांना पक्कं कळलं. पाय लागला म्हणायचं, झालं! त्यांनी बादली उचलली आणि उपडी केली.

गाव गेलं, विहीर गेली. त्यांना एकदम हलकं वाटलं.

बाहेर गाडी थांबली. परीक्षक आत आले, मागोमाग बन्सीधर.

"या साहेब," तो म्हणाला, "चित्र आत्ता पुरं झालं."

भुजंगरावांनी खाली पाहिलं. भिजून काळ्या पडलेल्या फरशीवर मेणाच्या रेघा तेवढ्या कोरड्या, पांढऱ्या उमटल्या होत्या. बादली उपडी करणारा एक माणूस, आणि त्याच्या डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा.